भिंतीसाठी एक फोटो

आईने फोटोचा विषय काढला तो पोहे खाताना. तिला स्वतःचा एक चांगला फोटो काढून हवा होता. मोठा, चौकटीत बसेल असा, ती गेल्यावर भिंतीवर लावायला. ज्या सुरात तिने हे सांगितलं त्याच सुरात पुढे, पोह्यांत मीठ कमी पडलंय का, असंही विचारलं. मी म्हणालो, सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस. त्यावर ती म्हणाली की संध्याकाळी बोलले असते तर चाललं असतं का.

आई आजही ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी हे लिहितोय हे तिला माहीत आहे. तिच्या गुडघ्यांबद्दल काही लिहायचं नाही एवढीच तिची अट आहे, आणि ती मी पाळणार आहे.

तिच्या मागणीला कारण होतं बाबांचा फोटो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि निवृत्तीनंतर एका सकाळी अचानक गेले. दहाव्याच्या आत फोटो हवा म्हणून आम्ही कपाटातले अल्बम उपसले, तेव्हा लक्षात आलं की या माणसाचा धड एकही फोटो घरात नाही. कुठे पाठमोरे, कुठे अर्धे, कुठे वाढप्याच्या मागे. शेवटी त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाचा एक फोटो सापडला. त्यात बाबा दुसऱ्या रांगेत उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभे होते. फ्रेमवाल्याने तेवढंच डोकं उचललं. शेजाऱ्याचा खांदा मध्ये येत होता, तो झाकायला त्याने बाबांना काळा कोट आणि लाल टाय चढवला आणि मागे निळा पडदा सोडला. डोळेही त्याने आपल्या मनाने जरा उघडून दिले. बाबांनी जन्मात कधी कोट घातला नव्हता, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. पण त्या गडबडीत कोण बोलणार? तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये कुठल्याशा बँकेच्या संचालकासारखा एक गृहस्थ चंदनाचा हार घालून बसलेला आहे.

आईचा फोटो मी आधी फोनवर काढून पाहिला. फोनने तिच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या. आईने चष्मा वर करून नीट पाहिलं आणि ही कोण म्हणून विचारलं. शिवाय फोनमध्ये फोटो नेमका कधी निघतो तेच कळत नाही, ही तिची जुनी तक्रार होतीच. मग मी ठरवलं की खरा कॅमेरा घ्यायचा. एकदा का एखादी वस्तू घ्यायची ठरली की मला ऊत येतो. मिक्सर घेतानासुद्धा मी बायकोला पार जेरीस आणलं होतं. इथे तर डीएसएलआर होता. ऑफिसातून आलो की मी व्हिडिओ बघत बसायचो. मेगापिक्सेल किती, सेन्सर कुठला, लेन्स कुठली. जो तो सांगायचा की नवशिक्याने सगळ्यात साधं मॉडेल घ्यावं, आणि लगेच त्याच्या वरचं मॉडेल कसं चांगलं ते सांगत सुटायचा. आई हे सगळं बघत होती आणि मधूनच, झालं का ठरवून, असं विचारत होती.

शेवटी एका शनिवारी आई आणि मी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, सर, आता मिररलेसचा, बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचा जमाना आहे, डीएसएलआर कोण घेतं, हळूहळू बंदच होणार आहेत. मला कुणी असं सांगितलं की मी नेमकी तीच वस्तू घेतो. तरी त्याने भला माणूस म्हणून दोन्ही समोर ठेवले. मिररलेस हलका होता, सुबक होता. मी दोन्हींमधले फरक मनात घोळवत होतो, तेवढ्यात आईने हात पुढे करून डीएसएलआरचं बटण दाबलं. आत आरसा वर जाऊन खाली आला आणि खट् असा खणखणीत आवाज झाला. "हा बरा," आई म्हणाली. "काढलेला कळतो तरी." माझा सगळा अभ्यास तिथेच संपला. सोबत मिळणारी अठरा-पंचावन्नची लेन्स, एक बॅग आणि एक मेमरी कार्ड घेऊन आम्ही रिक्षात बसलो.

पुढचे काही आठवडे मी नाशिक पालथं घातलं. पहाटे गोदाघाटावर गेलो, गंगापूर धरणाच्या पाण्यावर पक्षी टिपायला गेलो. पक्षी दूर होते आणि माझी लेन्स जवळची होती, त्यामुळे बदकांच्या जागी काळे ठिपके आले. ते ठिपके मी घरी टीव्हीवर मोठे करून दाखवत असे. सगळं ऑटोवर असल्याने जरा सावली आली की फ्लॅश आपोआप टुणकन वर यायचा, आणि घाटावरची माणसं दचकून माझ्याकडे बघायची. घाटावरची कबुतरं मात्र छान आली. आईने तीही पाहिली आणि म्हणाली की पक्षी उरकले असतील तर आता माझं बघ.

एका रविवारी मी तिला भिंतीशी खुर्ची टाकून बसवलं. ती मोरपंखी साडी नेसली होती, केस चापून बसवले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि व्हिडिओत सांगितलेलं एकेक करायला लागलो. ऑटो सोडायचं, लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते ठरवायचं, फोकसचा ठिपका डोळ्यावर आणायचा. ठिपका एकदा कानावर जात होता, एकदा भिंतीवर. बराच वेळ गेला. मधेच मला दिसलं की आईचा चेहरा लाल होत चालला आहे. मी घाबरून कॅमेरा खाली घेतला, तेव्हा तिने हुश्श करून भला मोठा श्वास सोडला. "काढ ना रे लवकर. किती वेळ धरू?"

मग उलगडा झाला. ती लहान असताना तिच्या माहेरी, सटाण्याला, एकच स्टुडिओ होता. तिथला फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून ओरडायचा, हलायचं नाही, श्वास धरा. तिच्या घरातल्या सगळ्यांनी तेव्हापासून फोटोसाठी श्वास धरला, तो आजतागायत. मी अल्बम काढून पाहिले. लग्नात, माझ्या बारशात, ताईच्या पाठवणीत, ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डावरसुद्धा आईचं एकच तोंड आहे. गाल फुगलेले, डोळे ताठ, आता पाण्यात बुडी मारणार असं. आम्ही सगळे त्याला आईचं फोटोतलं तोंड म्हणायचो आणि हसायचो. ते तोंड कशामुळे होतं हे मात्र कुणी तिला विचारलं नव्हतं.

मी तिला म्हणालो, श्वास घे, आता तसं नसतं. ती घ्यायची. मी कॅमेरा उचलला की पुन्हा धरायची. दहा-बारा फोटो काढले, सगळे तसलेच. मी वैतागलो, तीही वैतागली. मी बोलून गेलो की कशाला हा अट्टहास, माणूस गेल्यावर फोटोत काय असतं, लक्षात राहायचं ते राहतंच.  साडीचा पदर सारखा करत आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मला आता ह्यांचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "आठवायला गेलं की तो कोटवाला येतो."

मी उभा होतो तो खुर्ची ओढून बसलो. मनात बाबांना आणायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले बाबा, सायकलला कुलूप लावणारे बाबा. सायकल आली, दार आलं, शर्टाच्या खिशातलं पेन आलं. चेहऱ्याच्या जागी निळा पडदा आला आणि त्याच्यापुढे लाल टाय. मला फार भीती वाटली, आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं त्या फोटोवर मी विनोद करत होतो आणि तो फोटो माझ्या बापाला गिळून बसला होता.

त्यानंतर मी घाट आणि बदकं सोडून दिली. लेन्सच्या छिद्राचा आकडा लहान ठेवला की मागचं धूसर होतं आणि चेहरा पुढे येतो, हे मी शिकलो. फ्लॅश बंद कसा ठेवायचा ते शिकलो. आमच्या बाल्कनीत सकाळी बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर सगळ्यात चांगला पडतो, हेही कळलं. आई तिथेच बसून कोथिंबीर निवडायची. मी दाराआडून, खिडकीतून, पडद्यामागून तिला गाठायचा प्रयत्न करायचो. पण जो खट् आवाज तिला पसंत पडला होता तोच आता आडवा येत होता. पहिल्या आवाजाला ती जी श्वास धरून बसायची ती मी कॅमेरा बॅगेत टाकेपर्यंत. बायको म्हणाली, हे म्हणजे लपाछपी चाललीय, आणि दोघांचीही वयं बघा.

एके दिवशी आईच मला म्हणाली, "काय करू राहिला तू त्या डबड्यामागे? तुझं तोंडच दिसत नाही. मी कोणाकडे बघू?"

हे मला एकाही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. सगळे सांगतात, डीएसएलआर डोळ्याला लावूनच धरावा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून फोटो काढणं हे नवशिक्याचं लक्षण. मी नवशिकाच होतो. दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीत स्टूल ठेवलं, त्यावर जाडजूड पुस्तकं, त्यावर कॅमेरा. मागचा पडदा चालू केला, आईच्या डोळ्यावर फोकस धरला आणि मी बाजूला होऊन तिच्यासमोर पाटावर बसलो. एक बोट बटणावर. पडद्यावर बघताना कॅमेरा फोकस सावकाश घेतो, आवाजही दोनदा होतो, पण मला कुठे घाई होती? मी तिला बाबांबद्दल विचारलं. त्यांना राग आला की ते नक्की काय करायचे?

आई सांगत गेली. राग आला की ते बोलायचे नाहीत, खालचा ओठ डाव्या बाजूने आत घ्यायचे. भाजी आवडली नाही तरी तसंच. ती कोथिंबीर निवडत होती, मधेच माझ्याकडे बघत होती, मधेच खाली. मी बटण दाबत होतो. आवाज झाला की पहिल्यांदा तिची मान ताठ व्हायची, पण पुढचं वाक्य तोंडात असायचं, आणि बोलायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो. असे आम्ही बऱ्याच सकाळी बसलो. एकदा ती मधेच थांबली, कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. "आले बघ थोडेसे," ती म्हणाली. कोण आले ते मी विचारलं नाही.

दिवाळीला ताई सटाण्याहून आली. ती माझ्याहून मोठी, लग्न होऊन तिकडेच स्थिरावलेली. मी आईचा फोटो काढतोय हे कळल्यापासून ती फोनवर माझ्यावर चिडलेली होती. जित्या माणसाचा असला फोटो काढतात का, तिचं ऐकून तूही सुरू झालास का, वगैरे. भाऊबिजेच्या दुपारी मी सगळे फोटो टीव्हीवर लावले. ताई आधी बघायलाच तयार नव्हती, मग बघायला लागली ती नजर काढेना. एका फोटोत आई हसत होती, मागे बाल्कनीतली तुळस धूसर हिरवी. मला तो फोटो फार आवडला होता आणि उजेडही त्यात अगदी मनासारखा उतरला होता. ताई म्हणाली, लावायचाच असेल कधी तर हा लाव. आईने मान हलवली आणि पुढे जा म्हणाली.

ती थांबली तो फोटो मी पुसून टाकणार होतो. त्यात चष्मा नाकावर घसरलेला आहे, केसांची एक बट सुटलेली आहे, तोंड किंचित उघडं आहे. ती हसत नाही, रागावलेलीही नाही. मला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघते आहे, आणि मी नेहमीसारखा उशीर लावतो आहे.

"ह्यात मी तुझ्याकडे बघतेय ना?" आईने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग हाच लाव."

ताई म्हणाली, अगं, येणारी-जाणारी माणसं बघतील, केस तरी नीट दिसायला हवेत. आई म्हणाली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या कोटवाल्यात काही वावगं दिसलं नाही, त्यांचं काय घेऊन बसलीस. मी मोठा विजय मिळाल्यासारखा तो फोटो वेगळा काढून ठेवायला लागलो.  ताई फराळाची ताटली हातात धरून टीव्हीकडे बघत होती.

"म्हणजे मी इथे येईन तेव्हाही ती तुझ्याकडेच बघत असणार," ती म्हणाली.

ती हे चेष्टेत म्हणाली असेल असं मला वाटलं, पण तिचे डोळे भरले होते. मग तिने ताटली खाली ठेवली आणि मला कॅमेरा मागितला. तिने असला कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. मी सगळं लावून दिलं, स्टूल आणलं, फोकस आईच्या डोळ्यावर धरला, बटण दाखवलं आणि बाल्कनीच्या दारात सरकून उभा राहिलो. ताई पाटावर बसली. तिला काय बोलावं ते सुचेना. आईच तिला म्हणाली, उद्या सकाळच्याच गाडीने जातेस का, दुपारच्या गाडीने गेलीस तर चालणार नाही का.

मी बाजूने आईकडे बघत होतो. तिचा तो चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत काकुळती होती, आणि नाही ऐकायचीही तयारी होती. इतके आठवडे मी तिच्या खऱ्या चेहऱ्यामागे लागलो होतो. पण मी जन्मभर तिच्याच घरात राहिलो, आणि माझ्याकडे असं बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.