माठावर संपणारी शर्यत

"आई, गुडघे दुखतात म्हणून तू जिना चढत नाहीस आणि धावण्याची शर्यत बघायला बुलढाणा जिल्ह्यात निघालीस?" मुलगा म्हणाला. मी म्हटलं, धावणारे दुसरे आहेत. मला फक्त तिथे उभं राहून बोलायचं आहे, आणि त्याला गुडघे लागत नाहीत.

निमित्त कमलच्या फोनचं. कमलने आणि मी जालन्याला वर्षानुवर्षं एकाच शाळेत शिकवलं. ती गणित, मी इंग्रजी. निवृत्त झाल्यावर ती दुसरबीडजवळ सासरच्या गावी राहायला गेली. तिथे दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शर्यत होते. हमरस्त्यावरच्या फाट्यापासून धावत गावच्या शाळेपर्यंत. शेवटच्या रेषेवर एक माठ ठेवलेला असतो आणि त्यातलं पाणी प्यायल्याशिवाय शर्यत पूर्ण झाली असं धरत नाहीत. हा माठ पहिल्या वर्षापासून कमलच्या घरून भरून जातो.

"यंदा माठ नको म्हणतात, कुलकर्णीबाई. बाटल्या येऊन राह्यल्या," ती फोनवर एवढंच म्हणाली. तक्रार करणं तिच्या स्वभावात नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

जाणाऱ्यांसाठी माहिती: पुण्याहून रेल्वेने जालना, तिथून एसटीने देऊळगाव राजा आणि पुढे दुसरबीड. बायकांना अर्धं तिकीट आहे. स्वच्छतागृहांविषयी लिहायला बसले तर हा लेख तिथेच संपेल, तेव्हा पाणी बेताने प्या. देऊळगाव राजाला उतरून मी बालाजीचं दर्शन घेतलं, गरम भजी खाल्ली आणि पुढची बस पकडली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून या जुन्या रस्त्यावर ट्रकची गर्दी कमी झाली आहे. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा आणि मधूनच ज्वारी.

"मावशी, दुसरबीडले कोणाकडं?" कंडक्टरने विचारलं.

"शर्यतीला."

"धावून राह्यल्या का तुम्ही?"

सगळी बस हसली. "तुमची गाडी अशीच चालली तर धावतच जाईन," मी म्हटलं, तेव्हा ड्रायव्हरही हसला.

कमलचं घर बौद्ध वस्तीत, गावात शिरल्याबरोबर डाव्या हाताला. संध्याकाळी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, मग भाकरी, भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. माठ ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता. "नको म्हणाले ना? मग कशाला धुतलास?" मी विचारलं.

"दरसाली धुते," ती म्हणाली.

सकाळी शाळेसमोर मांडव, स्पीकर आणि भला मोठा फलक: 'आपल्या शर्यतीचा इतिहास'. मधोमध संयोजक नितीनच्या आजोबांचा फोटो. खाली लिहिलेलं: 'पहिले विजेते, परिसरातील सर्वांत वेगवान धावपटू'. आणि त्याखाली: 'उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून माठाची परंपरा सुरू झाली'. जानेवारीत कसलं ऊन? मी शाल पांघरून कुडकुडत उभी होते.

माठ मांडवाच्या मागे, खुर्च्यांच्या ढिगाशेजारी ठेवायला लावला होता. शेजारी कमल, हातात पेला. समोर रेषेवर रंगीत फीत आणि बाटल्यांचे खोके. पहिला आलेला तरुण छातीने फीत तोडून गेला, त्याला हार घातला, फोटो झाले. मागचे दोघे बाटल्या घेऊन मांडवात जाऊन बसले. माठाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मी थेट नितीनला गाठलं. "माठ रेषेवर आणा."

"मॅडम, बाटलीचं पाणी स्वच्छ राह्यते. तुम्ही तर पुण्याच्या, तुमाले समजाले पाह्यजे."

"मला हेही समजतं की थंडीत उन्हाचा त्रास होत नाही. तो फलक कोणी लिहिला?"

"मीच. माह्या आजोबाची शर्यत आहे, मले इतिहास माहीत नसंन का?"

तेवढ्यात कमल पेला घेऊनच आमच्याजवळ आली. वर्गात बोलायची तशी, आवाज न चढवता बोलली.

"नितीन, तुझे आजोबा पहिल्या शर्यतीत सगळ्यात शेवटी आले होते."

आसपासचे हसले. नितीन चिडला. "मंग पहिले कसे झाले ते?"

"पहिला माठ माह्या सासऱ्यानं भरला. त्या टायमाले आमच्या वस्तीच्या हातचं पाणी गावात कोणी पेत नव्हतं. म्हणून शाळेच्या मास्तरांनी मुद्दाम नियम केला, पाणी पेईन तोच जिंकला. सारे पोरं माठापर्यंत आले अन् बाजूनं निघून गेले. तुझे आजोबा लंगडत मागून आले. थांबले. दोन पेले पाणी पेले. घरी मार खाल्ला त्यायनं. पण पुढच्या वर्षी माठ उचलू लागायले तेच आले."

एक म्हातारे खुर्चीतूनच म्हणाले, "हाव, खरं आहे. बाजूनं गेलेल्यात मी होतो."

नितीनने वळून फलकाकडे पाहिलं. "काकू, हे मले कोणी काऊन नाही सांगितलं?"

"आजोबा वेगवान होते म्हणून तू खुश होता. म्हणलं, राहू दे. पण यंदा माठच मागं गेला, म्हणून बोलले."

तो मांडवामागे गेला. एका मित्राला हाक मारून माठ उचलला आणि रेषेवर आणून ठेवला. मग माइकवर ओरडला, "पाणी पेल्याशिवाय नंबर नाही!" पहिला आलेला तरुण गळ्यात हार घेऊन परत आला. "आता पुन्हा धावू का बे?"

"धावू नको. पाणी पे."

मागून येणारे एकेक थांबले, प्यायले, पुढे गेले. सगळ्यांत शेवटी गावचा पोट सुटलेला किराणा दुकानदार धापा टाकत पोचला. त्याला कमलने पाणी ओतून दिलं आणि टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच मिळाल्या. मीही प्यायले. गार होतं, आणि मी धावलेही नव्हते.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, पहिला कोण आला? मला नाव सांगता येईना. दुकानदाराचं मात्र दुकानासकट सांगितलं.

पण तो फलक डोक्यातून जात नव्हता. न राहवून नितीनला मोबाइलवर लिहिलं, इतिहास दुरुस्त करा. त्याचं उत्तर आलं, "करतो मॅडम. पण आजोबा शेवटी आले असं कसं लिहू? तुम्हीच लिहून द्या."

मी लिहून पाठवलं: 'पहिले विजेते. सर्वांच्या मागून आले आणि एकटेच पाणी प्यायला थांबले.'