उघाडीच्या चार फळ्या

आम्हाला चार फळ्या हव्या होत्या. सागाच्या, दोन बोटं जाड, साडेपाच फूट लांब. एवढंच मागणं होतं, देवाशपथ. आणि मिळालं काय? टी-शर्ट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि माणसाच्या उंचीचं एक फायबरचं बदक, ज्याच्या पाठीवर बसून फोटो काढायचा. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी भांडुपला पोळीभाजी केंद्र चालवते. दोन बायका आणि मी, पहाटे पाचपासून पोळ्या लाटतो. आम्ही मूळची मालवणकडची, वडील गिरणीत होते, आणि हे फटकळ तोंड आईकडून आलंय. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. म्हणून पूर्वेला खाडीच्या बाजूने चालायला लागले. तिथे जुनी मिठागरं आहेत. मीठ पिकवणं कधीच बंद पडलंय, पण एका मोठ्या आगरात गुडघाभर पाणी असायचं आणि थंडीत त्यात बदकं उतरायची. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मोठ्यांदा "अगो बाय माझे!" असं ओरडले आणि अर्धी बदकं उडाली. दुर्बीण लावून उभी असलेली चार माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी देवळात चप्पल घालून शिरले.

त्यातल्याच एका गृहस्थांनी रागवायचं सोडून मला दुर्बीण दिली. ते आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक, खाडीवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ग्रुपचे प्रमुख. त्यांनीच मला चमच्यासारख्या चोचीचा थापट्या दाखवला, कपाळाशी लाल आणि चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक दाखवलं. झालं, मी अडकले. दर रविवारी जायचं, प्लास्टिक वेचायचं, पक्षी मोजायचे. सरांचं ऋण मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचा राग जास्त आहे.

ते पाणी मात्र आपोआप राहत नव्हतं. ते राखायचे काका. काका म्हणजे मिठागरावरचे शेवटचे कामगार, सत्तरीच्या पुढचे, आगराच्या कडेलाच एका खोलीत एकटे राहणारे. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे दगडात खाच करून बसवलेलं फळ्यांचं दार. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की काका फळ्या वर उचलायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचे आणि ओहोटी सुरू व्हायच्या आधी फळ्या खाली सोडायचे. पाणी जास्त झालं तर वरची एक फळी काढून थोडं सोडून द्यायचे. कारण ही बदकं बुडी मारत नाहीत, पाण्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून चिखलातलं खातात. पाणी खोल झालं तर चोच पोचत नाही, आणि नसलंच तर ती उतरतच नाहीत. हे सगळं काका कुणी न सांगता, कुणी पगार न देता करत होते. विचारलं तर म्हणायचे, "मीठ गेला, मंग निदान पाखरं तरी येऊंदे."

गेल्या पावसाळ्यानंतर उघाडीच्या फळ्या कुजून गेल्या. पाणी यायचं आणि तसंच निघून जायचं. आगर कोरडं पडलं. आणि मुंबईत कोरडी, मोकळी जागा दिसली की काय होतं हे कुणाला सांगायला नको. आठवड्याभरात एका सकाळी कोपऱ्यात डेब्रिजचे तीन ढीग. गुलाबी टाइल्स, फुटका कमोड, कुणाच्या तरी रिडेव्हलपमेंटला गेलेल्या घराचं अख्खं न्हाणीघर. काका त्या ढिगाकडे बघत नुसते उभे होते. म्हणाले, "पानी भरला तर डंपर येनार नाय. नाय भरला तर दोन महिन्यांत मैदान."

सर म्हणाले, आपल्या ग्रुपला देणगी देणारी कंपनी आहे ना, त्यांच्याकडे मागू. मला वाटलं, चला, सुटलो. चार फळ्यांत काय आहे!

मीटिंगला मीही गेले. एसी इतका की माझे दात वाजत होते. कंपनीच्या मॅडम तरुण, गोड बोलणाऱ्या, खोटं कशाला सांगू, मला आवडल्या. सरांनी फळ्यांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सर, पण फळ्या पाण्याखाली असणार ना? मग दिसणार काय? आम्हाला काहीतरी दिसेल असं द्यायचंय." मग त्यांनीच ठरवलं. ते फायबरचं बदक. आणि त्यांच्या स्टाफच्या हातून वृक्षारोपण. कुठे? तर त्या 'रिकाम्या प्लॉटवर'. म्हणजे आगरात! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता बोलायला हवं होतं. मी बोलले का? नाही. कारण मॅडमनी विचारलं, "मावशी, कार्यक्रमाचा नाश्ता तुम्ही कराल ना?" आणि मी विचारलं, "किती माणसं?" एवढी मोठी ऑर्डर मला वर्षात कधी मिळाली नव्हती. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक वाक्याला सगळे "होय म्हाराजा" म्हणतात ना, तसं आम्ही त्या टेबलाभोवती बसून होय म्हाराजा, होय म्हाराजा करत होतो. त्यात माझाही आवाज होता. दुसऱ्यांवर भडकताना हे मी विसरत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी कार्यक्रम झाला. मांडव, स्पीकर, निळे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी. पोरं चांगली होती हो, सुट्टीची झोप मोडून आलेली, हसत-खिदळत चिखलात खड्डे खणत होती. वड, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहर. ऊन पडलं की ज्या मातीवर मिठाची पांढरी साय धरते, त्या मातीत कडुनिंब! प्रत्येक रोपाला लावणाऱ्याच्या नावाचं लेबल. काका माझ्या पोह्यांच्या पातेल्याशेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "मावशी, हिथं निंब जगल काय गो?" मी त्यांना पोह्यांची डिश दिली. दुसरं काय देणार?

मग काकांचा सत्कार. शाल, श्रीफळ, 'मिठागराचा राखणदार' असं लिहिलेली ट्रॉफी. टाळ्या वाजल्या. सरांनी कौतुकाने माईक पुढे केला, "काका, दोन शब्द बोला." काकांनी माईक दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "शाल नको. फळ्या द्या. मंगळवारी पुनवेचं उधान हाय. फळ्या बसल्या तर पानी ऱ्हाईल. नायतर परत पंधरा दिस थांबायला लागल, आनि तवर..."

सरांनी माईक काढून घेतला. हसत हसत, खांद्यावर हात ठेवून. "काका भावुक झालेत," म्हणाले.

भावुक! माणूस स्वच्छ शब्दांत काय हवं ते सांगतोय, तारीख-वार सांगतोय, आणि हे म्हणे भावुक! माझ्या हातातला डाव पातेल्यात आपटला गेला तसं सगळ्यांनी वळून बघितलं. मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "सर, भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. हे काय चाललंय?" सर कुजबुजले, "हळू बोला. आज झाडं, उद्या फळ्या. देणाऱ्याचा मान ठेवावा लागतो. आणि आता फळ्या बसवायच्या नाहीत हं, झाडं बुडतील. झाडं बुडाली तर हे परत दारात उभे करणार नाहीत."

म्हणजे ज्या पाण्यासाठी पैसे मागायला गेलो, तेच पाणी आता आणायचं नाही. का, तर देणगी बुडेल! वाट लागली म्हणतात ती ही.

घरी आले, अंग जळत होतं. नवरा म्हणाला, जेव आधी. मी जेवले नाही. केंद्रात जाऊन आमच्या पोळ्या लाटायच्या टेबलापाशी उभी राहिले. सागाचं टेबल, जुन्या बाजारातून आणलेलं, सहा फूट लांब, चार जाड फळ्यांचं. बावीस वर्षं त्यावर पोळ्या लाटल्या. मधोमध लाकूड झिजून खोलगट झालंय, पिठाने पांढरं पडलंय. किती वेळ बघत होते कोण जाणे. सोमवारी डबे गेल्यावर गल्लीतल्या सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, डोकं फिरलंय काय? असा साग आता मिळत नाय." म्हटलं, "म्हणूनच. काप."

माझ्या दोघी बायका काय काय बोलल्या ते छापण्यासारखं नाही. "आता जमिनीवर बसून लाटायच्या? आमच्या गुडघ्यांचं काय?" एकीने तर दोन दिवस अबोला धरला. तिचं चूक नव्हतं.

मंगळवारी टेम्पोत फळ्या टाकून गेले. काकांनी त्यावरून हात फिरवला, खोलगट भागावर बोटं थांबली, आणि त्यांनी लुंगी वर खोचली. एकेक फळी आम्ही खाचेच्या तोंडाशी लावून बघितली. दुपारी बाराच्या सुमाराला उधाण आलं. पाणी उघाडीतून आत शिरलं, कडुनिंबाच्या बुंध्याशी आलं, लेबलांपर्यंत आलं. बरोब्बर भरतीच्या टोकाला काका म्हणाले, "सोड." दोघांनी मिळून फळ्या खाली सोडल्या. पाणी थांबलं. मी बांधावर बसून रडले. सत्तरीचा म्हातारा आणि साखरेची पेशंट, एवढी फौज होती आमची.

दहा दिवसांनी सरांचा फोन. मॅडम फोटोग्राफर घेऊन येतायत, रोपं कशी वाढलीत त्याचे फोटो हवेत. मी पोचले तर सगळे बांधावर उभे. समोर पाणीच पाणी, काही रोपांचे काळवंडलेले शेंडे तेवढे वर. आणि त्या शेंड्यांमधून थापटे फिरत होते. शंभरेक तरी असतील, डोकी खाली, शेपट्या वर. डेब्रिजच्या ढिगावर एक बगळा उभा होता. नवा ढीग एकही नव्हता.

सरांचा चेहरा पडलेला. मॅडमना म्हणाले, "काकांनी केलं असणार. त्यांना समज नाही हो, जुना माणूस. त्यांना आता इथून हलवावंच लागेल."

काका शेजारीच उभे होते. सगळं ऐकत होते.

मग मात्र माझी सटकली. म्हटलं, "सर, शाल घालताना राखणदार, आणि आता समज नाही? लाज नाही वाटत? मॅडम, झाडं मी बुडवली. मी फळ्या आणल्या, मी सोडल्या. बोला काय ते मला बोला."

मॅडम रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "पण का, मावशी?" एवढ्या दिवसांत 'का' विचारणारी ती पहिली. काकांनीच उत्तर दिलं. समोर बोट दाखवून म्हणाले, "त्या बदकाला झाड काय करायचं, बाय? त्याला चिखलात खायला लागतं." मी मॅडमच्या हातात माझी दुर्बीण दिली. त्या बघत राहिल्या, खूप वेळ. हसल्यासुद्धा. "किती क्यूट आहेत ना," म्हणाल्या. मला वाटलं, चला, समजलं हिला. एवढे दिवस उगाच पोरीला शिव्या घातल्या.

त्यांनी दुर्बीण परत दिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, पण रिपोर्ट गेलाय हो. त्यात सगळी झाडं जगलीयत. पुढच्या महिन्यात आमचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. तेवढ्यापुरतं हे पाणी काढता येईल का? आम्ही रात्रीतून नवीन रोपं लावू."

सर लगेच काकांकडे वळले. "काका, काढता येतं ना पाणी? फक्त फळ्या उचलायच्या." काकांनी माझ्याकडे बघितलं.

मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि उघाडीवर जाऊन बसले. वरच्या फळीवर, पाय पाण्यात सोडून. म्हटलं, "ह्या फळीवर बावीस वर्षं माझं घर चाललंय. या, काढून दाखवा."

कुणी पुढे आलं नाही. फोटोग्राफरने बदकांचे दोन-चार फोटो काढले आणि सगळे गाडीत बसून गेले. संध्याकाळी सरांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं.