आठ सेल आणि अक्काची खुर्ची

आमच्या शेजारच्या शिंप्याला अख्खी गल्ली इंची म्हणते. गळ्यातला टेप आंघोळीला जाताना तरी तो काढतो की नाही, यावर आमच्या जिन्यात दोन पक्ष आहेत. माणूस सरळ, मापावर श्रद्धा ठेवणारा. टेप सांगेल ते खरं, गिऱ्हाईक आरशात काहीही बघो. म्हणूनच त्या आठ सेलांनी त्याचं डोकं फिरवलं.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याकडेच राहते. पाय अधू, जीभ ठणठणीत. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत बसून रोज दुपारी पुलापलीकडच्या मैत्रिणीकडे पत्ते कुटायला जायची. अलीकडे ती खुर्ची अर्ध्या वाटेत मान टाकायला लागली. एकदा कुणा परक्या माणसाने अक्काला ढकलत घरी आणलं. तिला कुणी ढकललेलं चालत नाही, बोलण्यात तर नाहीच नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. आमच्या गल्लीत बातमीला पाय नसतात, पंख असतात. ती त्या दोघांच्या भाचीपर्यंत पोचली. भाचीने फोनवर निकाल देऊन टाकला: रविवारी येते आणि मावशीला माझ्याकडे घेऊन जाते. भाचीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे पुढचं आयुष्य खिडकीत.

इंचीने खुर्चीखालची बॅटरी उसवली. होय, तो उसवली असंच म्हणाला. आत आठ सेल निघाले, आखूड विटांसारखे. मीटर लावून त्याने एकेकाचं माप घेतलं. आठही जण तीन पॉइंट तीन व्होल्ट.

"वहिनी, सगळे सारखे," तो मला म्हणाला. "मग चोर कोण?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, चेहऱ्यावरून चोर ओळखता आला असता तर पोलीस घरी बसले असते.

इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानदाराचंही जवळपास तेच म्हणणं पडलं. हे सेल अर्धेमुर्धे भरलेले असले की सगळे सारखेच दिसतात. पण त्यातला एक आधी रिकामा झाला की बॅटरी सगळ्यांनाच बंद करते. म्हणून आठांना एकत्र जोडायचं, प्लस सगळे एका पट्टीला, मायनस दुसऱ्या पट्टीला, आणि काठोकाठ भरायचं. त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त पॉवर सप्लाय काढून दिला. त्यावर दोन नॉब आणि दोन आकडे. आधी तीन पॉइंट सहा पाच लाव, मग तारा जोड, आणि मग नॉबला हात लावू नकोस, असं त्याने बजावलं.

कापायच्या टेबलावर गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून सेल मांडले गेले. शिंप्याच्या खडूने प्रत्येकावर नंबर पडला. इंचीने आकडा लावला, तारा जोडल्या, आणि आकडा धपकन खाली आला. तीन पॉइंट तीन आणि वर थोडं काहीतरी.

"मी तीन पॉइंट पासष्ट लावले होते," तो म्हणाला. तारा सोडल्या की पासष्ट, जोडल्या की पुन्हा खाली. टेपवर बत्तीस वाचावेत आणि कापडाला लावताच त्याने एकोणतीस म्हणावं, अशी गत.

दुसऱ्या दिवशीही आकडा जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी हलल्यासारखा वाटला, मग तो इंचीचा चष्मा हलला होता असं ठरलं. त्याने तारा बदलल्या, मीटरचे सेल बदलले, एका पॅन्टच्या एकाच बाजूला तीन खिसे लावले. रविवार जवळ आला होता. मी सल्ला दिला की नॉब जरा वर करा. गॅस मोठा केला की दूध लवकर वर येतं.

बिनबॅटरीच्या खुर्चीत अक्का टेबलाला टेकून पहाऱ्यालाच बसली होती. ती म्हणाली, "आणि उतू गेलं की तू पुसायला येणारेस का?"

मी घरी आले.

शनिवारी आकडा एकाएकी पळत सुटला. इतके दिवस न हललेला प्राणी दुपारच्या चहापर्यंत पासष्टला जाऊन टेकला. इंचीला आनंद व्हायच्या आत दुसरा आकडा, करंटचा, उतरू लागला आणि शून्याशी येऊन बसला. इंचीच्या हिशेबाने सप्लाय मेला. त्याने तारा सोडवल्या, मयत काखोटीला मारलं आणि भांडायला दुकान गाठलं.

दुकानदाराने तो लावून बघितला. धडधाकट. म्हणाला, "तारा जोडल्या की आकडा सेलांचा, ते भरले की तुझा. जेवणाऱ्याने पोट भरल्यावर ताट सरकवलं, म्हणून स्वयंपाकी मेला का?"

इंची घरी आला तो कपाळावर आठ आठ्या घेऊन. पण खडूचे नंबर बघून त्याने सेल पुन्हा एकामागोमाग जोडले, बॅटरी खुर्चीखाली शिवली. हा शब्दही त्याचाच.

रविवारी भाची आली, हातात मोठी रिकामी बॅग. अक्का दुपारीच पत्त्यांना गेली होती. यायची वेळ उलटून गेली तरी पत्ता नाही. भाची एवढंच म्हणाली, "बघितलंस, मामा?"

इंची पक्कड घेऊन धावला, मागे भाची, मागे मी. गॅस बंद करून निघाले, इतकी अक्कल शाबूत होती.

पुलाच्या मधोमध खुर्ची उभी. अक्काची पाठ आमच्याकडे. इंचीने गुडघे टेकून खुर्चीखाली डोकं घातलं. अक्काने त्याच्या पाठीत काठी टोचली.

"ऊठ. खुर्ची थांबलेली नाही. मी थांबलेय."

"का पण?"

"आज सगळे डाव मारले. जरा एकटीने चघळत होते. घरी पोचले की तुम्ही विचारणार, खुर्ची कशी चालली. डाव कसा गेला ते कोण विचारतंय?"

तिने खुर्चीच्या हातावरची दांडी पुढे ढकलली आणि उतारावरून अशी सुटली की भाची रिकामी बॅग सावरत मागे पळाली. "मावशी, हळू," एवढंच तिला म्हणता आलं. बॅग संध्याकाळी जशी आली तशीच परत गेली.

इंची पुलावरच उभा राहिला, हातात पक्कड.

"चालली ना?" मी विचारलं.

"चालली हो," तो म्हणाला. "पण वहिनी, चोर कोण होता?"