डोंगराआडचा समुद्र

मोबाइलवर हवेचा अंदाज उघडला की मला ओले बांगडे दिसतात.

तीन बाजूंनी डोंगर असलेला तो किनारा भर वैशाखातही तळ्यासारखा शांत होता. वाळूवर बांगडे सुकत घालणाऱ्या काकींनी विचारलं, "मोबायलात लाटांचा काय सांगतत? बांगडे उचलू काय?"

"फूटभर लाटा. राहू द्या," मी ऐटीत सांगितलं.

तिथे रेंज नव्हती. अंदाज कालचा होता, हे मला दिसत होतं. पण कुणी आपल्याला जाणकार समजून विचारलं की 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

दुपारी उधाण थेट वाळवणात शिरलं. भिजलेले बांगडे वेचताना काकी माझीच समजूत घालू लागल्या, "तुमी तरी काय करतलास? मोबायलच खोटो."

मी मान डोलावली.