बुचामागचा छर्रा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला माझं वर्कशॉप आहे. बोअर मारायच्या ड्रिल बिटचे झिजलेले दातेरी कोन, म्हणजे खडक फोडणारे फिरते शंकू, आम्ही बदलतो. कोन बिटच्या पायावर चढवायचा, पायातल्या भोकातून आतल्या खाचेत पोलादी छर्रे सोडायचे, भोकाला बूच मारून वेल्डिंग करायचं. फिरत्या कोनाला धरून ठेवतात ते हे छर्रेच. आणि बूच बसल्यावर आत किती आहेत, कोण बघणार? मी. विश्वासावर धंदा उभा केलेला नाही मी.

सुहासला भोसरीहून मीच आणला. त्याचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला. २०१४ साली तो ऑकलंडच्या एका वर्कशॉपवाल्याशी बोलताना दिसला — माझं डोकंच फिरलं. मी आणलेला माणूस, माझ्याच पाठीमागे? मग वाटायला लागलं, हा कामातही हात राखतो, छर्रे कमी भरतो. कशावरून? कशावरूनच नाही.

एका संध्याकाळी तो घरी गेल्यावर त्याने बसवलेलं बूच मी ग्राइंडरने कापलं. छर्रे बाहेर काढले. सगळे होते — आणि राग तरीही त्याचाच आला. घाईघाईने परत भरले, नवं बूच मारलं. सकाळी गिऱ्हाईक बिट घेऊन गेलं. मग टेबलाखाली एक छर्रा सापडला.

फोन करायला कितीसा वेळ लागला असता? पण मग सांगावं लागलं असतं, बूच मी उघडलं — आणि का. एका छर्‍याने काय होतंय, म्हटलं.

कोन सुटून बोअरमध्ये पडला. बोअर वाया गेली. गिऱ्हाइकासमोर मी सुहासला उभं केलं.

"दादा, मी सगळे भरले होते."

"मग कोन काय आपोआप गळला?"

माझा हात खिशात होता. छर्रा बोटांत.

नोकरीबरोबर त्याचा व्हिसा गेला. पोरीची शाळा अर्ध्यावर सोडून तिघं परत गेली. त्या ऑकलंडवाल्याशी तो काय बोलत होता, ते मी कधी विचारलं नाही. संशय अजून आहे — हेही खरंच सांगतो.

दिवाळीला त्याचा फोन येतो. गेल्या खेपेला म्हणाला, "दादा, तेव्हा भरताना माझ्याकडूनच एखादा राहिला असेल."

मी म्हणालो, "असेल."