शेजारच्या पोरीचा विद्युतचुंबक

बाळांनो, आपल्या अनसिंगच्या घराशेजारची पोर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विद्युतचुंबक करत होती. जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातून उरलेली तांब्याची तार आणून तिने खिळ्याला गुंडाळली, सेल जोडला, पण एकही टाचणी चिकटेना.

तिचा काका म्हणाला, "पोरीले हे कायले पाह्यजे? रांगोळीच्या स्पर्धेत नाव टाक."

मी तिथेच बसले होते, मला ते खपले नाही. त्या तारेवर वार्निशचा थर असतो. वेढ्यांवर तो हवाच, नाहीतर वीज एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात परस्पर जाते; पण टोकांवर तो वीज अडवतो.

"दोन्ही टोकं खरडून टाक," मी तिला सांगितले.

तिने ब्लेडने खरडली. वीज वाहिली, खिळा चुंबक झाला, टाचण्या चिकटल्या.

"नाव विज्ञानातच राहू दे," मी काकाला म्हणाले. "रांगोळीले मानूस कमी पडला, तर तू जाय."