पेटवलेलं रानगवत

काल पूर्ण्याला एका गोदामाबाहेर वाळलेलं गवत जळत होतं. त्या वासाने मला खारबावचं सासर आठवलं. लग्नानंतर मी माहेरून, दिघाशीहून, रानगवताचं ठोंब आणून परसात लावलं होतं. त्याला पांढरे, रेशमी तुरे आले. ते वाळल्यावर सासूबाईंनी सरळ काडी लावली. मी धावत परसात गेले.

“जाळलं न्हाय तर नवं फुटत न्हाय,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आगीतून चिवचिव ऐकू आली आणि लगेच थांबली. सासूबाई मातीतच बसल्या.

“घरटं हाय, म्हायीत न्हवतं गो.”

तेव्हा मला त्यांचा रागच आला. आज मातीत बसलेल्या त्या आठवतात. पुढे दर वर्षी त्या आधी पाती बाजूला करून बघायच्या, मगच विळा लावायच्या. कापलेल्या गवतालाही पावसाळ्यात तसेच हिरवे फुटवे यायचे.